कोकणातल्या वाळूच्या टेकड्या कशा घडतात आणि पायी कशा पाहाव्यात

प्रश्न पुण्याहून आलाय. थोडक्यात असा: "फेब्रुवारीत दोन मुलं आणि आईला घेऊन शिरोडा-वेंगुर्ल्याकडे चार दिवस येतोय. वाळूच्या टेकड्या म्हणजे राजस्थान, एवढंच ठाऊक होतं. समुद्राकाठी त्या कशा तयार होतात? कुठे आणि कशा पाहाव्यात? आईचे गुडघे दुखतात, तिला जमेल का?"

मी बावीस वर्षं या किनाऱ्यावर विद्यार्थी आणि हौशी मंडळी घेऊन फिरतोय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी राजस्थान डोक्यातून काढा. ते चित्र घेऊन आलात तर टेकडीवर उभं राहूनही "टेकडी कुठाय?" असं विचाराल. बहुतेकजण विचारतातच. जैसलमेरकडची उघडी, सोनेरी, धारदार माथ्याची टेकडी इथे नाही. आमची टेकडी हिरवी असते. उंची पुरुषभर, फार तर दोन पुरुष. अंगावर वेली, गवत, केवड्याची बेटं, मागे बहुधा सुरूचं बन. गाडी लावून पुळणीकडे निघालात की शेवटी एक छोटासा चढ लागतो, चपलेत वाळू जाते, मुलं कुरकुरतात आणि मग एकदम समुद्र दिसतो. तो चढ म्हणजेच टेकडी. लोक ती चार ढांगांत ओलांडतात आणि समुद्राचे फोटो काढायला लागतात.

हिरवी का? वाळवंटात वाळू आणि वारा एवढ्यावर टेकडी होते. किनाऱ्यावर तेवढं पुरत नाही, तिसरा भिडू लागतो तो म्हणजे झाड. झाड म्हणजे वृक्ष नव्हे, टाचेखाली येणारं रोपटं. हे एकदा ध्यानात आलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं, आणि पाय कुठे ठेवायचा नाही हेही वेगळं सांगावं लागत नाही.

पण आधी वाळू. सह्याद्रीचा काळा कातळ, बेसॉल्ट, झिजला की त्याची बहुतांश मातीच होते. पांढरी चमकदार वाळू त्यातून फारशी निघत नाही. सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला आणि गोव्यात मात्र त्याहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत, ग्रॅनाइट, पट्टिताश्म, क्वार्ट्झाइट. त्यांच्यातला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, चिवट, नद्या तो आणून समुद्रात टाकतात आणि लाटा किनाऱ्यावर पसरतात. म्हणून शिरोड्याची वाळू फिकी आणि रत्नागिरीकडची कितीतरी ठिकाणी काळपट. त्या काळ्यात इल्मेनाइट नावाचं टायटॅनियमचं खनिज असतं. सोबतीला शंख-शिंपल्यांचा चुरा सगळीकडेच. मुलांना सांगा, चमचाभर वाळूवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर तो शिंपल्याचा चुना. एकच लिंबू घेऊन दोन-तीन किनारे तपासता येतात.

आता वारा. दुपारी तीनच्या सुमाराला खारा वारा भरात असतो. फेब्रुवारीत तो साधारण वायव्येकडून येतो. भरतीची रेघ ओलांडून कोरड्या वाळूवर या आणि चक्क पालथे पडा, हनुवटी जमिनीला टेकवून. उभ्याने काही दिसत नाही. डोळे वाळूच्या पातळीला आले की दिसतं की सगळी पुळण चालते आहे. कण उडी मारतो, वितीभर पुढे पडतो, पडताना आणखी चार कणांना ठोकर देतो, ते उडतात. बहुतेक वाळू अशीच, उड्या मारत जाते. जाडे कण उडत नाहीत, मागून बसणाऱ्या ठोकरांनी सरपटत सरकतात. अगदी बारीक धूळ तेवढी हवेत तरंगते. उड्यांची उंची बहुतेक घोट्याखालीच, म्हणून वाळू टोचते ती पायाला, तोंडाला नाही.

याला वाऱ्याचा ठरावीक वेग लागतो, सेकंदाला पाच-सहा मीटर, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. त्याखाली काहीच हलत नाही. त्यावर मात्र हिशेब एकदम बदलतो: वाहून जाणारी वाळू ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे वारा दुप्पट झाला तर वाळू आठपट. त्यामुळे टेकडी रोज थोडी थोडी घडत नाही. वर्षातल्या काही मोजक्या जोरदार दुपारी बरंचसं काम उरकून घेतात. वाळूवरच्या वाऱ्याचं हे गणित गेल्या शतकात राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात फिरून आणि मग प्रयोगशाळेत वारा खेळवून मांडलं. गणित वाळवंटातलं असलं तरी पुळणीवर ते लागू पडतं, फक्त इथे ओलावा आडवा येतो. ओले कण एकमेकांना धरून बसतात. म्हणूनच जून ते सप्टेंबर वारा सर्वांत जोराचा असूनही वाळू फारशी उडत नाही, आणि कोरड्या फेब्रुवारी ते मे महिन्यांत, त्याहून कमी वाऱ्यावरही, टेकड्या वाढतात.

पालथे पडलाच आहात तर एक चप्पल वाऱ्याला आडवी रोवा आणि पाच मिनिटं थांबा. चपलेच्या आडोशाला वारा मंदावतो, कण तिथे टेकतात आणि मागे वाळूची एक निमुळती शेपटी तयार होते. ही टेकडीची पहिली पायरी. पण चपलेची टेकडी होत नाही, कारण शेपटी चपलेच्या उंचीइतकी झाली की खेळ संपला. चप्पल वाढत नाही ना.

मर्यादवेल वाढते.

हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार. पानं आपट्यासारखी दुभंगलेली, फुलं जांभळट गुलाबी, गणेशवेलीच्या कुळातली. भरतीची सर्वांत वरची रेघ जिथे संपते तिथून ही सुरू होते. समुद्राने इथवरच यायचं, ही मर्यादा. तिचे ताणे वाळूवर कितीतरी मीटर लांब धावतात आणि पेरापेरांवर मुळं सोडतात. पानात वारा अडला, वाळू साचली, वेल गाडली गेली, की ती नव्या वाळूत नवी मुळं सोडून पुन्हा वर डोकं काढते. परत वाळू, परत वेल. गाडलं जाणं तिच्या पथ्यावरच पडतं.

तिच्या सोबतीचं गवत म्हणजे रावणाच्या मिशा. पात्यांची टोकं सुईसारखी, अनवाणी पायाला चांगलाच प्रसाद देतात. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीचं फळ म्हणजे काट्यांचा मोठा गोल गेंद. तो सुकून सुटतो आणि वाऱ्यावर चाकासारखा गडगडत पुळणभर फिरतो, बिया सांडत. मुलांना असा गेंद धावताना दिसला तर त्यांना आवरणं कठीण. धावू द्या, फक्त पिशवीत भरून पुण्याला नेऊ देऊ नका.

या दोघांनी मिळून एका हंगामात गुडघाभर उंचीचे उंचवटे केले, ते एकमेकांना जोडले गेले, की किनाऱ्याला समांतर अशी पहिली रांग उभी राहते. तिच्या आडोशाला खारं पाणी कमी उडतं, वारा कमी लागतो, पालापाचोळा साठतो. मग तिथे निर्गुंडीची जात, केवडा, आणखी मागे करंज, उंडी. तुम्ही समुद्राकडे पाठ करून जमिनीकडे शंभर पावलं चाललात तर शंभर पावलांत ही सगळी क्रमाने भेटतात. पुढची वाळू नवी, मागची जुनी. मागची हातात घेऊन पाहा, जराशी मळकट, बोटाला चिकटणारी असते. पुढची बोटांतून सळसळत निसटते. सहलीत दुसरं काही जमलं नाही तरी ही शंभर पावलं नक्की चाला.

कोकणातली कितीतरी गावं मुळात या मागच्या, जुन्या वाळूवरच वसली आहेत. गुहागरला वरचा पाट आणि खालचा पाट असा गावाचा लांबच लांब पट्टा पुळणीला समांतर पसरलाय, नारळी-पोफळीच्या बागांसकट. तारकर्लीच्या पुढे देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी जीभ. गोव्यात साळ नदीचं उदाहरण तर मी दरवर्षी देतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही ती सरळ त्याला मिळत नाही. किनाऱ्याच्या वाळूच्या रांगांमागून दक्षिणेकडे वाहत जाते आणि थेट बेतुलला मोबोरजवळ समुद्र गाठते.

गोड्या विहिरींचं कोडंही इथेच सुटतं. समुद्रापासून दीडशे पावलांवर विहीर, आणि पाणी गोड कसं? पावसाचं पाणी वाळूत सरळ मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं, कारण खारं पाणी थोडं जड असतं. हिशेब असा, की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी साठलं तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकू शकतं. उलटही तेवढंच खरं: पंप लावून वरचं मीटरभर उपसलं की खालून खारं पाणी तेवढ्याच पटीने वर चढायला लागतं. नव्या रिसॉर्टशेजारच्या विहिरी अचानक मचूळ का होतात, हे यावरून ताडा.

आता पावसाळा. कोकणात मे महिन्यात घरोघर बेगमी चालते. लाकूडफाटा, सुकी मासळी, आमसुलं, फणसाचे पापड. किनाऱ्याची बेगमी म्हणजे ही टेकडी. जूनमध्ये उधाणाच्या लाटा येतात, पुळण खरवडतात, टेकडीचा पायथा कापतात. कापलेली वाळू नाहीशी होत नाही, थोडी आत समुद्रात बुडालेला बांध होऊन बसते आणि पुढच्या लाटा त्या बांधावरच फुटायला लागतात. म्हणजे टेकडी स्वतःची वाळू देऊन मागचं गाव राखते. पाऊस सरला की शांत लाटा ती वाळू पुन्हा पुळणीवर आणतात, खारा वारा वर नेतो, मर्यादवेल धरून ठेवते. ऑक्टोबरमध्ये आलात तर टेकडीचा समुद्राकडचा भाग सुरीने केक कापावा तसा उभा दिसतो. फेब्रुवारीत त्याच्या पायथ्याशी नवी वाळू साचून तो निम्मा झाकलेला असेल. उघडा राहिलेला भाग जवळून पाहा: फिक्या थरांत मधूनच काळ्या बारीक रेघा. ते जड खनिजांचे कण. जोरदार वारा किंवा लाट आली, हलकी वाळू गेली, जड मागे राहिली, की एक रेघ उमटते. हात लावून पोखरू नका, भिंत बसते. वाळूत भुयार खणणाऱ्या मुलांना तर सक्त मनाई करा. वाळू ढासळली की आवाजही येत नाही आणि ओढून काढायला वेळही मिळत नाही.

जिथे ही टेकडी सपाट करून तिच्या जागी धूपप्रतिबंधक बंधारा घातला, तिथे काय होतं ते तुम्हाला या चार दिवसांत कुठे ना कुठे दिसेलच. लाट दगडावर आपटून मागे फिरते आणि जाताना पुढची वाळू घेऊन जाते. पुळण खोल होत जाते. जिथे घरं अगदी काठावर आली आहेत तिथे लोकांना दुसरा मार्गही उरलेला नसतो, हे मला कळतं; त्यांना नावं ठेवत नाही. पण जिथे टेकडी शिल्लक आहे तिथे आधी बंधाऱ्याचा विचार करणं म्हणजे घरातलं तांदूळ फेकून दुकानात रांग लावणं.

सुरूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. शिरोड्याच्या वेळागरला सुरूचं बन सुंदर दिसतं, सावली मिळते, वाऱ्याचा सूर लागतो. पण सुरू इथला नाही, मुद्दाम लावलेला आहे. त्याच्या काड्यांचा गालिचा पडला की खाली दुसरं फारसं काही उगवत नाही, मर्यादवेलीला ऊन मिळत नाही, आणि पावसाळ्यात पायथा कापला गेला की उघड्या पडलेल्या मुळांसकट सुरू आडवा होतो. मागच्या बाजूला वारा अडवायला ठीक. अगदी पुढच्या रांगेत मला तो नको वाटतो. यावर वनखात्यातल्या मित्रांशी माझा जुना वाद आहे, तो मिटायचा नाही.

प्रत्यक्ष चालण्याचं. एकच पुळण दोनदा पाहा, पाच पुळणी एकेकदा पाहण्यापेक्षा. सकाळी सात ते नऊ, वारा पडलेला असतो आणि रात्रभराचे ठसे शाबूत असतात: खेकड्यांच्या टिंबाटिंबांच्या ओळी, टिटवीची पावलं, मुंगसाची वाट. मग दुपारी तीन ते साडेपाच, वाळू चालताना पाहायला. मधल्या वेळात वाळू पाय भाजते, तेव्हा जेवा आणि झोपा.

ओहोटी असेल तर उत्तम, कारण ओली पट्टी सुकून वाऱ्याला नवा माल मिळतो. वेळ काढायची जुनी रीत: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. हे मुंबईला जुळतं, आमच्याकडे तास-पाऊण तास आधी धरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे त्रयोदशी ते पौर्णिमा, किंवा अमावास्येच्या आधीचे दोन दिवस, दुपारी तीन-चारला पाणी आत गेलेलं असतं आणि उधाणाचे दिवस असल्याने पुळणही रुंद. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही; तेव्हा दुपारी पुळण त्या मानाने अरुंद.

वाट अशी ठेवा: गावातून येणाऱ्या रुळलेल्या पायवाटेने पुळणीवर उतरा, ओल्या घट्ट वाळूवरून एक-दीड किलोमीटर चाला, पुढच्या वाडीच्या रुळलेल्या वाटेने टेकडी ओलांडून वर या. टेकडीच्या अंगावर नवी वाट पाडू नका. यामागे माझीच एक चूक आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी पस्तीस विद्यार्थी घेऊन गेलो होतो, पोरांना उतारावरून घसरायला मजा आली, मीही दोनदा घसरलो. तासाभरात वेलीचे ताणे तुटून पट्टाभर जागा उघडी पडली. तीन महिन्यांनी, मेमध्ये, त्याच जागी गेलो तर वाऱ्याने तिथून माथ्यापर्यंत खिंड पाडली होती आणि तिच्यातून उडालेली वाळू मागच्या माणसाच्या माडांच्या आळ्यांत भरली होती. त्याने मला चहा दिला आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

वाळूचा उतार किती तीव्र असतो हे पाहायला टेकडीवर घसरायची गरजही नाही. मूठभर कोरडी वाळू एकाच जागी ओतत राहा, ढीग ठरावीक कोनाला येऊन थांबतो, साधारण तेहेतीस अंश. फोनमधल्या कोनमापकाने मुलांना मोजू द्या.

पायात कॅनव्हासचे बूट, रावणाच्या मिशांसाठी. पाणी, टोपी, भिंग. वाळूवर गाडी अजिबात नाही, भाड्याने मिळाली तरी नाही. हे दिवस कासवांच्या विणीचे आहेत. वायंगणीला, तसंच गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले माद्या रात्री येऊन टेकडीच्या पायथ्याशी शंभरेक अंडी घालतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. जाळीने कुंपण घातलेली जागा दिसली तर लांबून पाहा, रात्री विजेरी आणि फ्लॅश बंद. कायद्यानेही वाळूच्या टेकड्यांना संरक्षण आहे: १९९१ च्या पहिल्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेपासून त्यांची मोडतोड निषिद्ध आहे, आणि २०१९ च्या अधिसूचनेत त्या सर्वांत संवेदनशील अशा पहिल्या वर्गात मोडतात.

परतीचा रस्ता दापोलीवरून असेल तर केळशीला थांबा. भारजा नदीच्या मुखाशी तिथे जी वाळूची टेकडी आहे तिच्या पोटात जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आणि ही वाळू हळूहळू वाऱ्याने नव्हे, तर समुद्राच्या एका प्रचंड लाटेने आणून टाकली असावी, असं मत मांडलं. त्याचा संबंध १५२४ साली दाभोळजवळच्या समुद्रात वास्को द गामाच्या ताफ्याला जाणवलेल्या हादऱ्यांशी जोडला जातो. एरवी वाऱ्याने रचलेली वाळू बारीक, एकसारख्या कणांची असते. लाटेने फेकलेल्या थरात सगळी सरमिसळ, शिंपले, खडे, काय वाटेल ते. शिरोड्याच्या टेकडीची मूठभर वाळू भिंगाखाली नीट पाहून ठेवलीत तर केळशीला फरक शोधायला मजा येईल.

आईंचं: जमेल. कोरड्या वाळूवर गुडघ्यांना त्रास होतो, ओल्या घट्ट वाळूवर त्या मानाने खूप कमी, पण काठी हवी आणि पुळणीचा उतार पायाखाली येतो म्हणून जाऊन-येऊन सारखंच अंतर चालू द्या, म्हणजे एकाच गुडघ्यावर भार पडणार नाही. टेकडी चढण्याचा आग्रह नको. दुपारी त्यांना टेकडीच्या मागच्या बाजूला, सुरूच्या सावलीत बसवा. तिथे वारा लागत नाही आणि मागची जुनी झाडं जवळून दिसतात. प्लास्टिकची खुर्ची वाळूत रुतते. घरमालकांकडे नारळाचा झाप मागा आणि खुर्चीच्या पायांखाली टाका.